राजीनामा कोणाचा, इज्जत कोणाची?

२८ फेब्रुवारी २०२१ रोजी महाराष्ट्राचे तत्कालीन वनमंत्री संजय राठोड यांनी राजीनामा दिला. दुसऱ्या दिवसापासून विधिमंडळाचे अर्थसंकल्पी अधिवेशन सुरू होणार होते आणि राजीनाम्याशिवाय ते चालू देणार नाही, असे विरोधी पक्षाने बजावले होते. त्याआधी तीन आठवडे पुण्यात एका इमारतीवरून पडून एक तरुण मुलगी मरण पावली होती. मुलगी मराठवाड्यातली, मंत्र्यांच्याच बंजारा जमातीतली, शिकायला पुण्याला आलेली. तिच्या मृत्यूनंतर काही ध्वनिफिती बाहेर आल्या. त्यांतला एक आवाज मंत्र्यांचा आहे, असा दावा करण्यात आला. मंत्र्यांनी सारे आरोप नाकारले. मुलीच्या आईवडिलांनी त्यांच्याविरुद्ध तक्रार केली नाही. पुढे २०२२ मध्ये त्यांना पुन्हा मंत्रिमंडळात घेताना पोलीस तपासात ते निर्दोष ठरले असल्याचे मुख्यमंत्र्यांनी सांगितले.

मंत्री दोषी की निर्दोष, हा या लेखाचा विषय नाही. तो ठरविण्याचे साधन प्रस्तुत लेखकाजवळ नाही. या प्रकरणात समाज म्हणून आपण जे बोललो, जे ऐकले, ज्याच्यासाठी जमलो आणि ज्याच्याकडे पाठ फिरवली, ते तपासण्याचे साधन मात्र आपणा सर्वांजवळ आहे, आणि ते आपण वापरलेले नाही. त्या मुलीचे नाव येथे लिहिलेले नाही. ते त्या दिवसांत फार वापरले गेले.

पोहरादेवीपासून सुरुवात केली पाहिजे. राजीनाम्याच्या पाच दिवस आधी, २३ फेब्रुवारीला, मंत्री बऱ्याच दिवसांनी लोकांसमोर आले ते वाशीम जिल्ह्यातील पोहरादेवी येथे. संत सेवालाल महाराजांचे हे स्थान म्हणजे बंजारा जमातीची काशी. आमच्या बुलडाणा जिल्ह्याच्या लोणार-मेहकर भागातून तेथे जाणारी माणसे काही कमी नाहीत. अमरावती विभागात त्या आठवड्यात करोनाचे निर्बंध होते. गर्दी करू नका, असे खुद्द मुख्यमंत्र्यांनी दोनच दिवसांपूर्वी सांगितले होते. तरीही हजारो माणसे जमली. माझी आणि माझ्या समाजाची बदनामी थांबवा, अशा आशयाचे आवाहन मंत्र्यांनी तेथे केले.

या गर्दीकडे पाहून पुण्यामुंबईच्या पांढरपेशा वर्गाने नाके मुरडली. अडाणी लोक, भाड्याने आणलेली माणसे, जातीचे राजकारण, अशी ठरलेली विशेषणे वापरली गेली. हे मूल्यमापन आपल्याला मान्य करता येणार नाही. ज्या जमातीला इंग्रजांनी गुन्हेगार जमातींच्या कायद्याच्या जाळ्यात ओढले, जिचा मीठ आणि धान्य वाहून नेण्याचा पिढीजात धंदा रेल्वेने बुडवला, जिचे तांडे स्वातंत्र्यानंतरही गावाच्या नकाशाबाहेर राहिले, ती जमात आपल्यातला एखादा माणूस मंत्री झाला म्हणजे त्याच्याकडे निव्वळ मंत्री म्हणून पाहत नाही. तो तिचा पुरावा असतो, आपण माणसे आहोत याचा. वसंतराव नाईक १९६३ ते १९७५ असे अकरा वर्षांहून अधिक काळ मुख्यमंत्री होते. त्यांचे नाव आजही तांड्यात ज्या स्वरात घेतले जाते, तो स्वर ज्याने ऐकला असेल त्याला पोहरादेवीची गर्दी भाड्याची वाटणार नाही.

शिवाय त्या गर्दीचा एक आरोप खराच होता. आपल्याकडे पुढाऱ्याचा गुन्हा किंवा गुन्ह्याचा संशय जातीच्या तागडीत घालूनच तोलला जातो. १९८६ चे उदाहरण घ्या. मुख्यमंत्री शिवाजीराव पाटील निलंगेकर यांच्या कन्येचे एम. डी. परीक्षेतील गुण वाढविले गेल्याचे प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले. न्यायालयाच्या ताशेऱ्यांनंतर त्या वर्षीच्या मार्चमध्ये त्यांना पद सोडावे लागले. हा काळ कोणता होता? १९८१ मध्ये शेजारच्या गुजरातेत वैद्यकीय पदव्युत्तर जागांच्या आरक्षणावरून दलितांविरुद्ध दंगली पेटल्या होत्या, १९८५ मध्ये राखीव जागांच्या विरोधात तेथे पुन्हा आग लागली होती, आणि गुणवत्ता हा शब्द सवर्णांच्या ओठांवर मंत्रासारखा बसला होता. राखीव जागेवरचा डॉक्टर रोग्याचा जीव घेईल, असे प्राध्यापक मंडळी बिनदिक्कत बोलत. नेमक्या त्याच काळात, नेमक्या त्याच पदव्युत्तर वैद्यकीय परीक्षेत एका सत्ताधाऱ्याच्या घरी गुण वाढले. त्यावरून एका मुख्यमंत्र्यावर टीका झाली, विद्यापीठाच्या कारभारावर झाली. त्यांच्या जातीची गुणवत्ता काढण्याचे कोणाला सुचले नाही. सुचू नयेच. पण हीच सभ्यता भटक्या जमातीच्या वा दलित पुढाऱ्याच्या वाट्याला का येत नाही, हा पोहरादेवीच्या गर्दीने न विचारता विचारलेला प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर पांढरपेशांनी दिलेले नाही.

एवढे मान्य केल्यावरच पुढचे बोलण्याचा अधिकार आपल्याला मिळतो. पुढचे असे की, जमातीची बदनामी म्हणजे कोणाची? मेलेली मुलगी जमातीबाहेरची नव्हती. तीही तांड्याचीच लेक. तीही त्या इतिहासाची वारस, आणि मंत्र्याइतकाच तिचाही पुरावा होऊ शकला असता. तांड्यातून निघून पुण्यासारख्या शहरात एकटीने शिकायला राहणे हे एका अर्थी मंत्री होण्याइतकेच अवघड काम आहे. मग समाजाची इज्जत मोजताना एक माणूस हिशेबात धरला गेला आणि दुसरे माणूस वगळले गेले, ते कोणत्या नियमाने? तिच्या मृत्यूचा पुरा तपास व्हावा, कोणीही असो, त्याला सोडू नये, ही मागणी घेऊन तेवढीच माणसे पोहरादेवीला जमली असती तर मंत्र्यांचेही त्यात काही बिघडले नसते. निर्दोष माणसाला तपासाचा लाभच होतो. ती मागणी त्या गर्दीची घोषणा झाली नाही.

बाबासाहेबांनी जुलै १९४२ मध्ये नागपूरला, दलित महिलांच्या परिषदेत, समाजाची प्रगती आपण त्या समाजातील स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजतो असे सांगितले होते. हे वाक्य आपण भिंतीवर रंगवतो. सभेच्या निमंत्रणपत्रिकेवरही छापतो. परंतु मोजमापाची वेळ आली की तागडी बदलतो. १९४९ च्या नोव्हेंबरात घटना समितीपुढे बोलताना त्यांनी राजकारणातील भक्तीविषयी जो इशारा दिला, तो सवर्णांच्या पुढाऱ्यांपुरता होता अशी आपली काहीतरी समजूत झालेली दिसते. आपला माणूस आला की ती भक्ती आपल्याला स्वाभिमान वाटू लागते. बुलडाणा लोकसभा मतदारसंघ १९७७ पासून २००४ पर्यंतच्या निवडणुकांत अनुसूचित जातींसाठी राखीव होता. आपला माणूस दिल्लीला गेला म्हणजे वस्तीचा प्रश्न आपोआप दिल्लीला जात नाही, हे या जिल्ह्याइतके कोणाला कळावे?

आणखी एक गोष्ट नोंदवली पाहिजे. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातील ऊसतोड मजूर स्त्रियांच्या गर्भाशय शस्त्रक्रियांची चौकशी नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील सरकारी समितीने केली. ब्याऐंशी हजारांहून अधिक स्त्रियांची पाहणी झाली. त्यांत तेरा हजारांहून अधिक स्त्रियांची गर्भाशये काढलेली आढळली. यांत बंजारा होत्या, वंजारी होत्या, बौद्ध आणि मातंग होत्या, गरीब मराठाही होत्या. कोयता बंद राहिला तर मुकादम दंड लावतो, म्हणून महिन्याचे ते चार दिवसच नकोत, अशा हिशेबाने शरीरातला अवयव काढून टाकणाऱ्या या बाया. कोणत्याही समाजाची इज्जत यात गेली नाही! कोणत्याही देवस्थानी त्यांच्यासाठी हजारो माणसे जमल्याचे ऐकिवात नाही. म्हणजे जमातीची इज्जत ही वस्तू बाईच्या शरीराला काय झाले यावर अवलंबून नसते. त्या शरीराच्या संदर्भात पुरुषाचे नाव घेतले गेले की मग ती जागी होते.

आता दुसऱ्या बाजूकडे वळू. वृत्तपत्रे, दूरदर्शन वाहिन्या आणि विरोधी पक्ष यांनी मुलीला न्याय मिळावा म्हणून आरडाओरडा केला, असे दिसते. तो नीट ऐकला की त्यात न्यायाचा भाग किती आणि चवीचा किती हे कळते. त्या ध्वनिफिती पुन्हापुन्हा वाजविल्या गेल्या. मेलेल्या मुलीची छायाचित्रे, तिचे कपडे, तिचे हसणे, तिचे मित्र, तिचा खासगी जीवनक्रम, सारे काही रात्री नऊच्या बातम्यांत घरोघर पोचले. मेहकरच्या एस. टी. स्टँडवर, चिखलीच्या चहाच्या टपरीवर, खामगावच्या कापसाच्या बाजारात ज्या पोरांनी त्या फिती एकमेकांच्या मोबाइलवर धाडल्या, त्यांना अन्वेषण करायचे नव्हते. या प्रकाराला शोध-पत्रकारिता म्हणणाऱ्यांनी विजय तेंडुलकरांचे ‘कमला’ पुन्हा एकदा वाचावे. १९८१ च्या सुमाराचे हे नाटक. त्यातला पत्रकार बाजारात एक आदिवासी बाई विकत घेतो, दिल्लीला आणतो आणि पत्रकार परिषदेत उभी करतो. स्त्रियांची विक्री होते हे सिद्ध करायला त्याला ती बाई हवी असते. सिद्ध झाल्यावर तिचे काय करायचे हा त्याचा प्रश्नच नसतो. ती कमला त्याच्या बायकोला विचारते की, तुला केवढ्याला घेतले. दलित समीक्षेने तेंडुलकरांशी पुष्कळ भांडण केले आहे आणि ते सकारण आहे. तरी या एका प्रश्नाबद्दल त्यांचे ऋण मानले पाहिजे. त्या प्रश्नाने पत्रकाराच्या घरातली सुशिक्षित बाई आणि बाजारातली बाई एका रांगेत येऊन बसतात.

तेंडुलकरांनीच लिहिलेल्या आणि जब्बार पटेलांनी दिग्दर्शित केलेल्या ‘सामना’ या १९७५ च्या चित्रपटातला मास्तर, मारुती कांबळेचे काय झाले हे विचारीत फिरतो. साखरसम्राटाच्या गावात हा प्रश्न कोणालाच नको असतो. महाराष्ट्रात तो प्रश्न म्हणीसारखा झाला. सभेत, मोर्चात, अग्रलेखात आजही वापरला जातो. पण या चित्रपटातला संघर्ष आहे तो मास्तर आणि साखरसम्राट यांचा. मारुती कांबळे बव्हंशी एक नाव आहे, दोन मोठ्या माणसांच्या झुंजीचे निमित्त. मराठीतल्या राजकीय कथा-कादंबरीची आणि चित्रपटाची ही मोठी मर्यादा आहे. अरुण साधूंच्या ‘सिंहासन’सारख्या समर्थ कादंबरीतही आपण सत्तेकडे पाहतो ते पत्रकाराच्या खांद्यावरून, म्हणजे सत्तेच्या दालनात ज्याला चहा मिळतो अशा माणसाच्या नजरेने. ज्याला दालनाचा रस्ताच ठाऊक नाही, ज्याच्या अंगावरून सत्ता गेली, त्याची नजर या लेखनात अभावानेच येते. अशा लेखनावर ज्यांची राजकीय अभिरुची पोसली गेली, त्यांनी २०२१ चे प्रकरणही तसेच वाचले यात आश्चर्य नाही. कोण कोणाचा पत्ता कापतो, सरकार पडणार की राहणार, शिवसेना काय करील, राष्ट्रवादी काय करील. मुलगी हे या कथानकाचे पहिले पान होते. ते उलटून झाल्यावर कोणी मागे गेले नाही.

या सगळ्याचा आमच्या भागात परिणाम काय झाला, तो वृत्तपत्रांत आला नाही म्हणून येथे सांगितला पाहिजे. मंत्र्यावर फारसा झाला नाही. मुलींवर झाला. मार्चमध्ये, परीक्षांच्या तोंडावर, पालकांशी बोलताना शिक्षकांच्या कानावर एकच वाक्य वेगवेगळ्या शब्दांत येऊ लागले: पोरीला पुण्याला ठेवणे नको. तांड्यात हे बोलले जात होते, तसेच बौद्ध वस्तीतही. कोणी म्हणाले, बुलडाण्यातच बी. ए. करील. कोणी म्हणाले, दोन स्थळे आली आहेत. करोनाने शहरे बंदच होती, त्यात हे एक कारण मिळाले. मुलीच्या मृत्यूचा अर्थ समाजाने असा लावला की, चूक तिच्या बाहेर पडण्यात होती. हा निकाल कोणत्याही न्यायालयाने दिलेला नाही, पण अंमलबजावणी याचीच सर्वांत जलद झाली. दरवर्षी १२ जानेवारीला आमच्या सिंदखेड राजाला जिजाऊंच्या जन्मस्थानी सर्व पक्षांचे पुढारी माथा टेकवायला येतात आणि मातृशक्तीवर बोलतात. लेकीला बाहेरगावी ठेवायची की नाही, या प्रश्नावर त्या भाषणांत उत्तर सापडत नाही.

आमच्या कार्यकर्ते मित्रांची प्रतिक्रिया दोन प्रकारची होती. काही गप्प राहिले. हे बंजाऱ्यांचे आपसातले, आपण कशाला बोला? काहींनी बहुजन ऐक्याच्या नावाने मंत्र्यांची बाजू घेतली. दोन्ही भूमिकांना चळवळीच्या भाषेत समर्थन देता येते, आणि हीच काळजीची बाब आहे. पुढाऱ्याच्या घरातले किंवा त्याच्या खासगी जीवनातले बोलू नये, शत्रूच्या हाती कोलीत मिळते, हा युक्तिवाद आपल्याकडे नवा नाही. मल्लिका अमर शेख यांचे ‘मला उद्ध्वस्त व्हायचंय’ १९८४ मध्ये आले. पँथरच्या एका मोठ्या कवीच्या घरातला संसार त्याच्या बायकोने लिहिला. पुस्तकाच्या वाङ्मयीन गुणांपेक्षा तिने हे लिहायला हवे होते का, याचीच चर्चा आपल्या मंडळीत अधिक रंगली. बेबीताई कांबळे यांनी ‘जिणं आमुचं’ लिहिले ते वर्षानुवर्षे घरातल्यांपासून लपवून. त्यात महारवाड्यातल्या बायांना होणारी मारहाण आहे, सासुरवास आहे; स्वतःच्या नवऱ्याने केलेला छळ मात्र नाही. तो त्यांनी पुष्कळ वर्षांनी मुलाखतीत सांगितला. समाजाचे सांगताना आपले स्वतःचे बाजूला ठेवले, असा त्याचा भाव होता. दलित आत्मकथनांवर आपण शेकडो प्रबंध लिहिले. या एका गाळलेल्या जागेवर किती लिहिले? ज्या बाईने अवघ्या महारवाड्याची वेदना निर्भयपणे मांडली, तिलाही स्वतःच्या घराविषयी बोलताना समाज आडवा आला. मग वीसबावीस वर्षांच्या मुलीने, मनात काही असलेच तर, कोणाजवळ बोलावे? तांड्याचे नाईक-कारभारी पुरुष. पक्षाचे पदाधिकारी पुरुष. चळवळीच्या शिबिरात बाईने बोलावे असा एक तास असतो आणि तो जेवणाआधीचा असतो.

राहिली गोष्ट राजीनाम्याची. आपल्याकडे राजीनामा ही शिक्षा आहे असा लोकांचा समज करून देण्यात आला आहे. प्रत्यक्षात ती रजा असते. निलंगेकर १९८६ मध्ये गेले आणि २००३ मध्ये सुशीलकुमार शिंदे यांच्या मंत्रिमंडळात महसूलमंत्री म्हणून परत आले. ते मंत्रिमंडळ एका दलित मुख्यमंत्र्याचे होते, हेही नमूद करायला हरकत नाही. राठोड यांना तेवढी वाट पाहावी लागली नाही. ९ ऑगस्ट २०२२ रोजी, म्हणजे दीड वर्षाच्या आत, त्यांचा पुन्हा शपथविधी झाला. ज्या पक्षाने त्यांच्या राजीनाम्यासाठी अधिवेशन रोखण्याची भाषा केली, तोच पक्ष त्या सरकारात होता. त्या पक्षाच्या चित्रा वाघ यांनी हे दुर्दैवी असल्याचे सांगून आपला लढा चालू राहील असे म्हटले. ऑक्टोबर २०२४ मध्ये त्या विधान परिषदेवर नियुक्त झाल्या, डिसेंबर २०२४ मध्ये राठोड पुन्हा मंत्री झाले, आणि दोघे विधिमंडळाच्या एकाच बाजूला बसू लागले. राजीनामा मागणारे आणि राजीनामा देणारे यांचा व्यवहार पूर्ण झाला. या व्यवहारात तिसरा पक्ष होता, तो जिवंत नव्हता.

हे केवळ आपल्याच देशाचे वैगुण्य नाही. इंग्लंडचे युद्धमंत्री जॉन प्रोफ्युमो यांनी १९६३ मध्ये एका तरुणीशी असलेल्या संबंधांविषयी पार्लमेंटमध्ये खोटे सांगितल्याचे कबूल करून राजीनामा दिला. नंतर त्यांनी लंडनच्या गरीब वस्तीतील एका संस्थेत अनेक वर्षे सेवा केली, आणि १९७५ मध्ये त्यांना राणीच्या हस्ते सन्मान मिळाला. त्यांच्या प्रायश्चित्ताची कथा इंग्रज माणूस आदराने सांगतो. ती तरुणी, क्रिस्टीन कीलर, त्याच प्रकरणाच्या अनुषंगाने खोटी साक्ष दिल्याबद्दल तुरुंगात गेली आणि मरेपर्यंत त्या एका नावानेच ओळखली गेली. प्रायश्चित्त घ्यायलाही माणसाजवळ आधी काही प्रतिष्ठा शिल्लक असावी लागते.

या देशात बाईच्या प्रश्नावर दिलेला एक राजीनामा मात्र होऊन गेला आहे. सप्टेंबर १९५१ मध्ये बाबासाहेबांनी कायदेमंत्रिपद सोडले. त्यांच्या निवेदनात इतरही कारणे होती, परराष्ट्र धोरणाचे होते, अनुसूचित जातींकडे होणाऱ्या दुर्लक्षाचे होते. पण निर्णय पक्का झाला तो हिंदू संहिता विधेयक अर्धवट सोडून देण्यात आले तेव्हा. वारसाहक्क, घटस्फोट, एकपत्नीत्व या गोष्टी ज्या बायांना मिळायच्या होत्या, त्यांतल्या बहुसंख्य सवर्ण होत्या आणि त्यांच्यातल्या अनेकींच्या घरचे पुरुष त्या विधेयकाविरुद्ध सभा घेत होते. त्या राजीनाम्यासाठी कोठे गर्दी झाली नाही. चारच महिन्यांनी, पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत, मुंबईत ते पराभूत झाले. १९५५ आणि १९५६ साली त्या संहितेचे तुकडे वेगवेगळे कायदे होऊन संमत झाले; तेव्हा ते मंत्रिमंडळात नव्हते.